कच्चं सिमेंट

"काढूनच टाका बाई," हरेश्वर चोगले म्हणाला. "उद्या पहाटे मामाची होडी सुटतेय. हा ठणका घेऊन समुद्रावर काय करू मी?"

खुर्चीचे दोन्ही हात त्याने घट्ट धरले होते. सत्तावीस वर्षांचा, खांद्याने रुंद, दोरखंड ओढून तळहात घट्ट्यांनी भरलेला माणूस. पण डावा गाल हाताने दाबून तो लहान मुलासारखा आत आला होता. आला म्हणण्यापेक्षा त्याची बायको मथुरा त्याला घेऊन आली होती. आठ महिन्यांची मुलगी कडेवर घेऊन ती दारातच उभी होती, तो पळून जाईल या धास्तीने.

१९८७ सालचा ऑक्टोबर होता. आडबंदरच्या धर्मादाय दवाखान्यात मला नोकरीला लागून चार महिने झाले होते. मी सोलापूरची. दातांची डॉक्टर होऊन वर्ष झालेलं, आणि समुद्र जन्मात पहिल्यांदा पाहिलेला. दवाखान्यात दोन खोल्या, कोणीतरी देणगी दिलेली एक खुर्ची, वीज गेली की पायाने चालवायचं दात कोरायचं यंत्र आणि कंपाउंडर पेडामकर. पेडामकरांकडे पांढऱ्या पावडरीचा एक मोठा डबा होता. ती एरंडेल तेलात घोटून ते बाळांच्या लंगोटाखालच्या पुरळाला देत, पाण्यात कालवून घामोळ्यांना देत, व्हॅसलीनमध्ये मिसळून कोळ्यांच्या सोलवटलेल्या हातांना देत. झिंक ऑक्साइड. पेडामकर त्याला जस्ताचं पीठ म्हणत. माझी बाटली वेगळी होती, पण पावडर तीच. लवंगेच्या तेलात मळली की ती दातात भरता येते आणि दुखरा दात शांत होतो. मथुराच्या मुलीचं पुरळ पेडामकरांच्या मलमाने गेलं होतं, तेव्हापासून तिचा आमच्या दवाखान्यावर विश्वास बसला होता.

मी दात पाहिला. खालची डावी दाढ, खोल किडलेली. पण कीड दाताच्या आतल्या नसेपर्यंत पोचलेली नव्हती.

"ही दाढ वाचेल," मी म्हणाले. "काढली तर परत यायची नाही. तुमचं वय काय, दाढ काढायचं वय आहे का?"

"मला नको वाचवायला. मला ठणका नको."

"मी कीड कोरून आत सिमेंट भरते. कच्चं सिमेंट. दीड महिन्याने ते काढून वर चांदी भरू. फक्त दोन दिवस इथे थांबा. ठणका गेला नाही, तर मी स्वतः दाढ काढून देईन."

"दोन दिवस? बाई, मामाची होडी थांबनार नाय."

"नसू दे थांबत," मथुरा दारातून म्हणाली. "बंदरात दुसऱ्या होड्या नायत काय? पंधरा दिस झोप नाय तुला. घास गिळवत नाय. भरा हो बाई तुमी."

त्याने एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि तोंड उघडलं.

काचेच्या पट्टीवर मी पावडर घेतली, तेलाचे थेंब टाकले आणि पातीने मळत राहिले. खोलीभर लवंगेचा वास झाला. मऊ कणकेसारखा गोळा झाल्यावर तो दाढेत बसवला, दाबला, कडा साफ केल्या. मला स्वतःचा अभिमान वाटला, हे सांगायला हवं. गावातल्या प्रत्येकाला दात काढूनच हवा असायचा. चार महिन्यांत वाचवलेला हा माझा पहिला दात होता.

तिसऱ्या दिवशी सकाळी तो हसत आला. खिशातून भाजलेले चणे काढून माझ्यासमोर त्याच दाढेने चावून दाखवले.

"अहो, चणे नका खाऊ! कच्चं आहे ते!"

"बाई, दोन दिस झोपलो नुसता. बायको बोलली, मेलास का काय." तो हसला. "आता दुपारी निघतोय. मामा तर गेला. पन बाळोजीच्या होडीवर एक मानूस कमी हाय, तिच्यावर जातो."

बाळोजी पावसे त्याचा शेजारी. होडीचं नाव जलदेवी. वीज गेली होती आणि खुर्चीवर दुसरा पेशंट बसला होता, म्हणून त्याचं नाव वहीत लिहायचं राहून गेलं. पहिल्या दिवशीही राहिलंच होतं.

सहा दिवसांनी वादळ झालं.

मामाची होडी कुठल्याशा खाडीत शिरून वाचली आणि चौथ्या दिवशी परत आली. जलदेवी आली नाही. तिच्यावर पाच जण होते. दोघे जाळ्याच्या बोयांना धरून तरंगत राहिले, त्यांना दुसऱ्या होडीने उचललं. होडी हाकणारा म्हातारा तांडेल तीन दिवसांनी किनाऱ्याला लागला, त्याचा चेहरा ओळखता आला. हरेश्वर आणि बाळोजी यांचा पत्ता नव्हता. गावातल्या बायका रोज सकाळी बांधावर जाऊन उभ्या राहत. मथुरा आणि बाळोजीची बायको शेवंती शेजारी शेजारी उभ्या असत. दवाखान्याच्या खिडकीतून मला त्यांच्या पाठी दिसायच्या.

मी खिडकी लावून घेऊ लागले.

वादळानंतर अकराव्या दिवशी दक्षिणेकडच्या वाळूत एक प्रेत लागलं. ते आणून बंदरावरच्या बर्फाच्या कारखान्यामागे पत्र्याच्या शेडमध्ये ठेवलं. सरकारी डॉक्टर येऊन तपासून गेले. चेहरा उरलेला नव्हता, कातडी उरलेली नव्हती. अंगावर फक्त कमरेचा काळा करगोटा, तो गावातल्या प्रत्येक पुरुषाच्या कमरेला असतो. हरेश्वर आणि बाळोजी, दोघांची चण एकच. दोघी बायकांना आत नेऊन दाखवलं. मथुरा बाहेर येऊन म्हणाली, "ह्यो माजा नाय." शेवंतीही तेच म्हणाली.

"दोघी नाही म्हणतात, आणि दोघांपैकी एक तर आहेच," हवालदार दवाखान्यात येऊन म्हणाले. "संध्याकाळपर्यंत ओळख पटली नाही तर बेवारस म्हणून विल्हेवाट लावावी लागेल. पेडामकर सांगत होते की हरेश्वरच्या दातात तुम्ही काही भरलं होतं?"

मी पेडामकरांकडे पाहिलं. ते मान खाली घालून बाटल्यांना चिठ्ठ्या लावत होते.

"भरलं होतं," मी म्हणाले.

"आणि बाळोजीच्या?"

"तो कधी आला नाही माझ्याकडे."

"मग झालं तर. भरलेली दाढ असेल तर हरेश्वर, नसेल तर बाळोजी. चला, बघून घ्या."

बंदराच्या वाटेवर सुकत घातलेल्या मासळीच्या बांबूंपाशी मथुरा उभी होती. मुलगी तिच्याजवळ नव्हती. तिने हवालदारांना पुढे जाऊ दिलं आणि माझा हात धरला.

"बाई, बगून काय सांगनार तुमी?"

"जे असेल ते."

"मग नका जाऊ." तिचा आवाज अगदी हळू होता. "तो नाय आला तर मी वाट बगीन. वाट बगायला येतं मला. पन तो हाय म्हनून सांगू नका."

"मथुरा, मला खोटं कसं बोलता येईल?"

"तुमाला काय लागतंय खोटं बोलायला?" ती म्हणाली. "दुसऱ्या कुनाला कळनार हाय?"

शेडच्या दाराशी शेवंती बसली होती. मथुराहून पाचसहा वर्षांनी मोठी, तीन मुलांची आई. मला पाहून ती उठली.

"बगा बाई नीट," ती म्हणाली. "माजा असंल तरी सांगा. माज्यानं आता बांधावर उभं ऱ्हावत नाय. एकदाचा त्याला अग्नी देते आनि पोरांस्नी घिऊन बसते."

मी आत गेले. मागून पेडामकर विजेरी घेऊन आले. बर्फाच्या लाद्या रचल्या होत्या आणि त्यांचं पाणी जमिनीवरून वाहत होतं. शिकत असताना मी प्रेतं पाहिली होती. त्यातल्या कोणीही माझ्यासमोर चणे खाल्ले नव्हते.

पेडामकरांनी विजेरी धरली. मी खालच्या डाव्या बाजूला पाहिलं.

ती होती. पांढरी, गुळगुळीत, मी साफ केलेल्या कडांसकट. समुद्राने बाकी सगळं नेलं होतं आणि ही भरणी जशीच्या तशी ठेवली होती. तरीही मी टोकदार सळईने वरचा थर खरवडला, कारण खात्री करणं मला शिकवलेलं होतं. पांढरा भुगा निघाला आणि त्या शेडमध्ये, त्या दुर्गंधीतून, लवंगेचा वास वर आला.

पेडामकरांनी विजेरी विझवली.

मी किती वेळ तशी वाकून उभी होते ते माहीत नाही. डोक्यात एकच हिशेब चालला होता. दाढ काढली असती, तर तो दुसऱ्या दिवशी पहाटे मामाच्या होडीवर गेला असता. मामाची होडी परत आली होती. दोन दिवस थांबा, असं त्याला मी सांगितलं होतं.

बाहेर उजेडात आले. हवालदार वही उघडून उभे होते. मथुरा बांबूंपासून चालत जवळ आली होती. शेवंती पदर तोंडाशी धरून होती. एक म्हणत होती नाही म्हणा. दुसरी म्हणत होती, एकदाचं सांगून टाका. एका शब्दात दोघींना हवं ते देता येत होतं. आणि मला हवं होतं तेही.

"भरलेली दाढ नाही," मी म्हणाले.

"म्हणजे बाळोजी पावसे," हवालदार म्हणाले आणि लिहू लागले.

शेवंती ओरडली नाही. खाली बसली आणि दोन्ही हात जमिनीवर आपटले. पहिल्यांदा काकणं फुटली नाहीत, म्हणून तिने पुन्हा आपटले. "मला खांदे त्याचे वाटले न्हवते," ती म्हणत होती, "पन बाई बोलल्या म्हंजे असंल. पान्यानं बदलला असंल." मथुरा तिला धरायला वाकली. वाकताना तिने माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं होतं, ती सुटल्यासारखी दिसेल. तिच्या चेहऱ्यावर तसलं काही नव्हतं.

दुपारीच प्रेताला अग्नी दिला. शेवंतीच्या थोरल्या मुलाने, अकरा वर्षांच्या, दिला.

दवाखान्यात परत आल्यावर पेडामकरांनी माझी हत्यारं उकळत टाकली. सळई त्यांनी वेगळी काढून साबणाने धुतली, पुन्हा पुन्हा धुतली. मी म्हणाले, "पेडामकर, तुम्हाला वास आला ना?"

"मी कंपाउंडर आहे बाई," ते म्हणाले. "डॉक्टर सांगतील ते मी ऐकतो."

पुढचे आठ दिवस मी एकही दात भरला नाही. कोणी आलं की काढून देत होते. लोक खुश होते. काचेची पट्टी मी कपाटात आत ठेवून दिली होती. शेवंती कोणाच्या नावाने रडते आहे, कोणाच्या अस्थी तिच्या दाराशी आहेत, हे गावात फक्त दोन माणसांना माहीत होतं, आणि ती दोघं दिवसभर एका खोलीत बसून एकमेकांशी औषधांबद्दल बोलत होती. मथुरा रोज सकाळी बांधावर जात होती. आता एकटीच.

नवव्या दिवशी दुपारी पेडामकर घरी जाता जाता दारात थांबले.

"बाई, उद्या दहावा आहे," ते म्हणाले. "पिंड बाळोजीच्या नावाने पडेल."

एवढं बोलून ते उभे राहिले. गेले नाहीत. मग मी चपला घातल्या.

मथुरा पडवीत बसून जाळ्याचं भोक विणत होती. जाळं हरेश्वरचं होतं. मुलगी पाळण्यात झोपली होती. मी समोर बसले आणि जे ठरवून आले होते ते न अडखळता बोलून टाकलं. तो हरेश्वर होता. दाढ होती. मी खोटं बोलले.

तिचा हात थांबला नाही.

"ठाऊक हाय मला," ती म्हणाली.

मला वाटलं, तिला नीट ऐकू आलं नाही.

"करगोट्याची गाठ माजी होती," मथुरा म्हणाली. "त्याला कदी गाठ मारता येत नसे कमरंला. दर साली नारळी पुनवंला मी नवा बांधायची. तीन पेडांची, उलटी. तशी इथं कोन बांधत नाय. माज्या आयची गाठ ती. चादर वर करताच मी बगितली."

"मग तू नाही का म्हणालीस?"

सुई जाळ्यात अडकली. तिने ती सोडवली.

"त्याला दवाखान्यात कोन घिऊन आलं बाई?" ती म्हणाली. "तो येत न्हवता. मी हाताला धरून आनला. मामाची होडी जाऊ दे म्हनून मीच बोलले. मामी रोज दारावरनं जातीया, तिचा घरधनी तिच्या मागनं चालतोय. मी हो बोलले असते, तर मग मला हे रोज बगावं लागलं असतं. नाय बोलले, तर तो नुसता नाय. कुटंतरी नाय. तुमी का खोटं बोललात ते मला कळलं होतं. म्हनून तुमच्याकडं बगितलं मी."

"थांबायला मी सांगितलं होतं, मथुरा. तू नाही."

"दोघींनी सांगितलं," ती म्हणाली.

पाळणा हलला, मुलगी कुरकुरली, मथुराने पायाने झोका दिला. मग मी सांगितलं की उद्या दहावा आहे. तिलाही ते माहीत होतं.

"शेवंतीला सांगायला मी चालले आहे," मी म्हणाले. "तू आलीस तर तुझ्याबरोबर. नाही आलीस तर एकटी."

तिने जाळं गुंडाळून खुंटीला टांगलं आणि मुलीला उचललं.

शेवंतीचं घर तीन दारं सोडून होतं. ती ओसरीवर सुपात तांदूळ निवडत बसली होती. कपाळ उघडं, हात उघडे, गळा उघडा. अंगणातल्या उंडीच्या झाडाच्या फांदीला फडक्यात बांधलेलं अस्थींचं मडकं टांगलेलं होतं. आम्हाला एकत्र पाहून तिने सूप बाजूला ठेवलं.

मी सांगायला सुरुवात केली. पण पहिल्या वाक्यानंतर मथुराने मला थांबवलं आणि स्वतः सांगितलं. करगोट्याचं, दाढेचं, तिचं खोटं, माझं खोटं. काही गाळलं नाही. सांगताना ती शेवंतीच्या पायांकडे पाहत होती.

शेवंती सगळं ऐकून घेत होती. ती मारेल, शिव्या देईल, गाव गोळा करेल, यातल्या कशासाठीही मी तयार होते.

"म्हंजे तुजा नवरा मी जाळला," ती शेवटी म्हणाली.

"व्हय."

"पोरानं बापाला म्हनून अग्नी दिला."

मथुराने मान हलवली.

"मग माजा?" शेवंतीने आता माझ्याकडे पाहिलं. "बाई, माजा कुटं हाय?"

"माहीत नाही," मी म्हणाले.

"हाय का पन?"

"माहीत नाही, शेवंती."

तिने उघड्या मनगटांकडे पाहिलं. एक मनगट दुसऱ्या हाताने चोळलं. नऊ दिवस ती विधवा होती. रडून, डोकं आपटून, पोरांना जवळ घेऊन तिने ते कसंबसं आपलंसं केलं होतं. ते आम्ही काढून घेत होतो आणि त्याच्या जागी ठेवायला आमच्याजवळ काही नव्हतं.

"मग मी आता काय लावू कपाळाला?" ती म्हणाली. "सांगा की बाई. तुमी शिकलेल्या."

ती उठली. अंगणात जाऊन टाचा उंचावून तिने फांदीवरचं मडकं सोडवलं. क्षणभर ते दोन्ही हातांनी पोटाशी धरलं, मग येऊन मथुराच्या मांडीवर ठेवलं. मथुराने मुलीला माझ्याकडे दिलं आणि मडक्यावर डोकं टेकलं. त्या वीस दिवसांत ती पहिल्यांदाच मोठ्याने रडली. शेजारच्या घरांतून बायका धावत आल्या. शेवंतीने त्यांना हातानेच थांबवलं, खाली बसली आणि मथुराची काकणं एकेक करून स्वतःच्या हाताने उतरवली. फोडली नाहीत.

"उद्याचा दहावा तसाच व्हईल," ती जमलेल्या बायकांना म्हणाली. "नाव हरेश्वरचं घ्या. तांदूळ निवडून झालेत."

दुसऱ्या दिवशी सकाळी खाडीच्या काठावर दहावा झाला. त्याआधी मी ठाण्यावर जाऊन जबाब बदलून दिला. पेडामकर न सांगता बरोबर आले आणि खाली सही करून म्हणाले, "वास मलाही आला होता, साहेब." हवालदार मला बरंच बोलले, ते रास्तच होतं. दवाखान्याच्या विश्वस्तांनी वर्ष पुरं होण्याआधी मला निरोप दिला. तेही रास्त होतं.

मथुरा माहेरच्या गावी गेली. दोन वर्षांनी तिने पाट लावला, दुसरं लग्न केलं, असं पेडामकरांच्या पत्रातून कळलं. बाळोजी आला नाही, जिवंतही नाही आणि मेलेलाही नाही.

शेवंतीला मी पुन्हा एकदाच पाहिलं. २००३ साली एका लग्नासाठी कोकणात गेले होते, तेव्हा दापोलीच्या स्टँडवर. मासळीची रिकामी टोपली शेजारी ठेवून ती आडबंदरच्या गाडीची वाट पाहत बसली होती. केस पांढरे झाले होते. मी समोर जाऊन उभी राहिले, तेव्हा तिने मला लगेच ओळखलं. मी तिच्याकडे पाहत होते आणि मी काय पाहते आहे ते तिला कळत होतं. गळ्यात मंगळसूत्र होतं. कपाळ उघडं होतं.

"बरं चाललंय ना बाई तुमचं?" तिने विचारलं.

मी हो म्हणाले. तिने टोपली उचलून पायाशी घेतली आणि बाकावर माझ्यासाठी जागा केली. तिची गाडी येईपर्यंत आम्ही बसून राहिलो.